किल्ली फिरवण्याआधी

"मामा, बँकेत तुम्ही वाहनकर्जं बघायचात ना? मग रविवारी चला माझ्याबरोबर." भाच्याच्या या बोलण्याला मी भुललो. कर्जं मी पुष्कळ मंजूर केली हे खरं, पण त्यांतल्या बहुतेक गाड्या मी कोटेशनच्या कागदावरच पाहिल्या होत्या, हे त्याला कशाला सांगा!

गाडी होती फियाट पॅलिओ, 1.6 जीटीएक्स, 2003 सालची. ही गाडी 2001 मध्ये आपल्याकडे आली तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मारुती 800 चाळीसच्या आसपास अश्वशक्तीवर समाधानी होती, त्या काळात या छोट्या गाडीत शंभर अश्वशक्तीचं इंजिन! युरोपात फोक्सवॅगनने 1976 मध्ये गोल्फ जीटीआय काढून घरगुती गाडीला असे पंख लावले होते. आपल्या तरुणांना ते सुख पॅलिओने दिलं. 2002 मध्ये सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-10 आवृत्तीही निघाली. पेट्रोल मात्र ही गाडी उसाचा रस प्यावा तशी पिते.

गंगापूर रोडवरच्या बंगल्यात मालकीणबाईंनी आम्हाला शेडकडे नेलं. "ह्यांची फार लाडकी," एवढंच त्या म्हणाल्या. यजमान 2017 मध्ये गेले. आता घर आवरून महिनाअखेरीला मुलीकडे बंगळुरूला कायमचं जायचं. भाचा दोन लाख रुपये घेऊन आला होता. चार वर्षांची बचत.

सोबत द्वारकेजवळचा आमचा जुना मिस्त्री होता. त्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "थंड आहे साहेब. आधीच गरम करून ठेवलेली गाडी खोटं बोलते." मग ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. तिथे दुधाळ साय असली तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं. नव्हती. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक त्याने पत्र्यावरून फिरवलं. उजव्या मागच्या दाराखाली ते चिकटेना. तिथे पुट्टी भरलेली होती.

मी एकच सुचवलं, गालिचा उचलून बघ. गोदावरीने 2008 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये या शहरात काय केलं ते आम्ही पाहिलंय. पुरात बुडालेली गाडी वरून पुसता येते, पण सीटच्या रुळांतला गाळ आणि गंज राहतोच. इथे सगळं कोरडं निघालं. टायरवरचे चार आकडे मिस्त्रीने वाचले: 2314, म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबर वाळलेलं. "टायर चारही जाणार. टायमिंग बेल्टही बदला, किलोमीटर बघू नका, वय बघा. चालू गाडीत तुटला तर इंजिनची वाट लागेल."

गाडी सुरू झाली. शेजारचा मुलगा दर रविवारी ती फिरवून ठेवायचा, तो उभ्या-उभ्याच. निळा धूर नाही, आवाज एकसारखा. भाच्याचा चेहरा असा उजळला, की त्याने मला त्र्यंबक रोडवर चक्कर मारायलाच बोलावलं.

मी आधी कागद मागितले. आरसी यजमानांच्या नावावर. नोंदणीची पंधरा वर्षं 2018 मध्येच संपलेली. विमा नाही. आणि शेवटच्या ओळीत एका बँकेचा बोजा! कर्ज 2008 मध्येच फिटलं होतं, शेवटच्या हप्त्याची पावतीही निघाली, पण बोजा उतरवायला कोणी गेलंच नव्हतं. आमच्या काळात आम्हीही 'पैसे आले, फाईल बंद' एवढंच पाहायचो. ग्राहकाला फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र हातात देऊन पेठ रोडला आरटीओत पाठवावं, हे किती जणांना सुचलं असेल?

म्हणजे आधी बँकेचं पत्र, मग वारस म्हणून बाईंच्या नावावर फॉर्म 31, मग नोंदणीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीला 2025 पासून त्याचं शुल्कच दहा हजार, शिवाय दंड आणि पर्यावरण कर. त्यानंतर भाच्याचं नाव.

"मामा, एवढं सगळं महिनाअखेरीपर्यंत? त्यापेक्षा पैसे देतो, गाडी नेतो, कागद मागाहून."

"आणि वाटेत कोणाला धक्का लागला तर?"

तो गप्प झाला. बाई म्हणाल्या, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं हो. ह्यांनी कधी सांगितलंच नाही." आम्हाला फसवल्यासारखं त्यांनाच वाटू लागलं होतं.

पाच हजार विसार ठरला, तोही पावती लिहून. टायर आणि बेल्टचे पैसे किमतीतून वजा करायचे, हे मिस्त्रीने परस्परच ठरवून टाकलं. भाचा मुंबई नाक्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

सोमवारी साडेदहाला मी बाईंच्या दारात रिक्षा थांबवली. त्या फाईल पिशवीत घालून तयारच होत्या. निघताना शेडपाशी थांबल्या, गाडीवरचं कापड सारखं केलं आणि म्हणाल्या, "चला."