एकहाती शेताचे पीक

सिॲटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना त्यांची आसने दाखविण्याची नोकरी करीत एरिक बॅरोन या तरुणाने सुमारे साडेचार वर्षे खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ या संगणक-खेळाची आज्ञावली, चित्रे, संगीत व संवाद असे सर्व काही एकट्याने सिद्ध केले. आणि आजोबांच्या पडीक शेतात भेट मिळालेल्या पंधरा पार्सनिप-बिया पेरून ज्याचा आरंभ होतो, तो हा शांत खेळ २०१६ च्या फेब्रुवारीत विक्रीस येऊन २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. मला त्या मिळकतीहून थोर वाटते ती ही गोष्ट, की पुढील प्रत्येक भर त्याने जुन्या ग्राहकांना विनामूल्य दिली, आणि ‘हॉन्टेड चॉकलेटियर’ हा २०२१ मध्ये जाहीर केलेला नवा खेळही तो कोणाच्या तगाद्याने नव्हे, तर स्वतःच्या मनाच्या कौलाने घडवीत आहे.