चित्रावरून लघुतम कथा

एखादें चित्र समोर ठेवून शंभर-सव्वाशें शब्दांत त्यावरून कथा लिहावी, असा अभ्यास शाळांतून व लेखनवर्गांतून करविला जातो. दिसावयास हें काम सोपें. परंतु हातीं घेतलें म्हणजे बहुतेकांची लेखणी एकाच ठिकाणीं अडते. आकाश ढगाळलें आहे, झाडाखालीं एक बाई उभी आहे, दूर डोंगर दिसतो आहे, इतकें लिहून झालें कीं मजकूर संपतो. तें वर्णन झालें. कथा झाली नाहीं. वर्णनाची कथा केव्हां होते, हाच या विषयांतील मुख्य प्रश्न होय.

चित्राला एकच क्षण लाभतो. कथेला त्या क्षणाच्या मागचा व पुढचा काळ हवा असतो. लेसिंग या जर्मन पंडितानें १७६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘लाओकून’ या ग्रंथांत हा भेद विस्तारानें मांडला आहे. आधींचें व नंतरचें दोन्ही ज्यावरून उमगेल असाच क्षण चित्रकारानें निवडावा, असें त्याचें म्हणणें. त्या क्षणांत दडलेला काळ उलगडणें, हें कथालेखकाचें काम.

याचें उत्तम उदाहरण अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांत आहे. हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें इसवी सनाच्या पांचव्या शतकांत कोरविलें. तेथील एका चित्रांत मान टाकून बसलेली स्त्री दिसते. दासी तिला सांवरीत आहेत. एकोणिसाव्या शतकांतील पाहणारांनीं तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें. परंतु त्याच प्रसंगांत एक सेवक हातांत मुकुट घेऊन खिन्नपणें उभा आहे. अभ्यासकांना त्या मुकुटाचा अर्थ लागला आणि सारी कथाच बदलली. तो मुकुट बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याचा. नंद भिक्षु झाला, मुकुट घरीं परत आला, आणि त्याची पत्नी सुंदरी शोकानें मूर्च्छित झाली. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याचा विषय हाच. मुकुटाकडे दुर्लक्ष झालें तेव्हां ती मृत्यूची कथा होती. मुकुट नीट पाहिला तेव्हां ती वियोगाची झाली.

कथालेखकानेंही चित्रांतील असा ‘मुकुट’ प्रथम हुडकावा. अजिंठ्याच्या आग्नेयेस, जालना जिल्ह्यांत, पूर्णा व केळणा यांच्या संगमावर जाफराबाद हें जुनें गांव आहे. तेथील एक चित्र मनाशीं कल्पावें. पावसाळ्यांतली सकाळ आहे. नदी दुथडी भरली आहे. जुन्या भिंतीच्या पायथ्याशीं एक म्हातारा बसला आहे, आणि त्याच्या शेजारीं पेटलेला कंदील आहे. नदी, भिंत व म्हातारा यांविषयीं कोणालाच नवल वाटणार नाहीं. परंतु उजाडल्यावरही कंदील पेटलेला कां? चित्र या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं; म्हणून कथा तेथें सुरू होते. ती पुढीलप्रमाणें होऊं शकेल:

“रात्रीं पूर चढला. मुलगा पलीकडच्या काठावर अडकला असेल, म्हणून म्हातारा कंदील घेऊन भिंतीशीं बसून राहिला. उजाडतांना सून धांवत आली. ‘मामंजी, ते पुराआधींच परतले होते. मित्राकडे निजले होते. आतां घरीं आले आहेत. चला.’ म्हाताऱ्यानें डोळे मिटले. क्षणभर हात जोडले. मग त्यानें कंदिलाची वात थोडी मोठी केली. ‘तूं हो पुढें,’ तो म्हणाला. ‘पलीकडे अजून कोणी तरी उभें आहे.’”

या कथेंत म्हाताऱ्याचें नांव नाहीं, वय नाहीं, नदीचें वर्णन नाहीं. जें चित्रांत दिसतें तें पुन्हा सांगितलेलें नाहीं. कंदील कां पेटलेला आहे, या एकाच प्रश्नाचें उत्तर तींत आहे. आणि तें देतांना म्हाताऱ्याची काळजी आपल्या मुलावरून परक्याच्या मुलाकडे वळते. असें मनाचें वळण नसेल तर मजकूर कितीही सुंदर असला तरी ती कथा नव्हे. वि. स. खांडेकर यांच्या रूपककथा ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांना थोड्या शब्दांत एवढें वळण सहज मावतें हें ठाऊक आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. समोरचें चित्र कल्पित असेल तर लेखक मोकळा आहे. तें जिवंत माणसाचें छायाचित्र असेल तर मोकळीक तेवढी नसते. फाटक्या वस्त्रांतील माणूस पाहून त्याला चोर किंवा व्यसनी ठरविणें सोपें. परंतु त्या माणसाला स्वतःच्या बाजूनें बोलण्याची सोय नसते. अजिंठ्याच्या सुंदरीला पाहणारांनीं उतावीळपणें मृत्यु बहाल केला, आणि ती चूक सुधारण्यास पुष्कळ काळ लागला. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वीं चित्र पुन्हा एकदां पाहावें. कोणाच्या हातांत मुकुट आहे, कोणाचा कंदील अजून पेटलेला आहे, हें ज्याला दिसलें, त्याला कथा शोधीत दूर जावें लागत नाहीं.