डोक्याच्या माराची रक्तातील खूण

समजा, औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारजवळ कुणी मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मुका मार, जखम नाही. "काही झालं नाही," तो म्हणतो. खरे काय, ते कसे कळावे?

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतील प्रथिने रक्तात उतरतात. 'जीएफएपी' हे ताराकृती आधारपेशींचे, तर 'यूसीएच-एल१' चेतापेशींचे. या जोडीच्या चाचणीस अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. २०२४ साली मान्य झालेले हातात मावणारे यंत्र शिरेतील रक्तावरून १५ मिनिटांत उत्तर देते. मात्र रुग्ण प्रौढ हवा, आणि मार लागून २४ तास उलटलेले नसावेत. दोन्ही प्रथिने कमी भरली, तर डॉक्टर सीटी स्कॅन टाळू शकतात. जास्त भरली, तर शहर गाठायलाच हवे. शुद्ध हरपली किंवा वारंवार ओकाऱ्या होऊ लागल्या, तर यंत्राचीही वाट पाहायची नाही, तडक इस्पितळ.