तारप्याभोवतीचं रिंगण

झाई गावाच्या उत्तरेला उंबरगाव. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा जुना उंबरगाव तालुका दुभंगला. उंबरगाव गुजरातेत गेलं, झाई महाराष्ट्रात राहिली. वारली आदिवासी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि भात पिकू लागलं की त्यांचं तारपा हे वाद्य दोन्हीकडे घुमतं.

तारपा शेतातून आणि रानातूनच घडतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. वाजवणाऱ्याचा दम मध्ये तुटत नाही. गाल फुगलेले ठेवून तो नाकाने श्वास घेत राहतो. त्याच्याभोवती बायका-पुरुष कमरेला हात घालून साखळी धरतात. चाल बदलली की पावलं बदलतात. साखळीची तोंडं जुळवून वर्तुळ बंद करायचं नाही, ती वळत, उलगडत फिरत राहते. नवं धान्य घरात येण्याच्या या दिवसांत कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, आठवण असते.

रिंगण धरून नाचणारे लोक जगात अनेक आहेत. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला सांबा द रोदा त्यातलाच. पोर्तुगीजांच्या गुलामांच्या व्यापारात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलला नेली गेली. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या त्यांच्या वंशजांनी ढोल, टाळ्या आणि वर्तुळ जपलं. गुलामी १८८८ साली संपली, पण दोनच वर्षांत नव्या दंडसंहितेने त्यांचा कापोएरा हा झुंजनृत्याचा खेळ गुन्हा ठरवला. त्याच समाजाच्या सांबा द रोदाला २००५ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हटलं.

वारल्यांना कुणी समुद्रापार नेलं नाही. त्यांच्या पायांखालची जमीनच सावकार-जमीनदारांकडे गेली, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको ‘लग्नगडी’ म्हणून बिनपगारी राबू लागली. ही वेठबिगार मोडायचा निर्धार २३ मे १९४५ रोजी झरी गावातल्या परिषदेत झाला. झरी आजच्या तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी उभारलेल्या त्या लढ्याची कहाणी गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली. तारप्याकडे फक्त करमणूक म्हणून पाहणाऱ्याने ती वाचायलाच हवी: ज्या हातांनी वेठ नाकारली, तेच हात रिंगणात गुंफलेले असतात.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हे रिंगण कागदावर आणि कापडावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तारप्याभोवती वळत जाणारी ती माणसांची साखळी जगभर पोहोचली. चित्र पाहणाऱ्यांच्या कानांपर्यंत मात्र तारप्याचा सूर पोहोचत नाही.

आता तारपा ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत वाजतो, सरकारी मंचावरही वाजतो. मिरवणुकीत तो हक्काने वाजतो, हे फार महत्त्वाचं आहे. पण मंचावर पाच मिनिटांची वेळ ठरलेली असते आणि हंगाम कुठलाही चालतो. गावात रात्र सरेपर्यंत नाच चालतो, कारण पीक हाती आलेलं असतं. म्हणून तारप्याच्या जतनाची योजना आखताना वाजवणाऱ्याच्या मानधनाबरोबर त्याच्या भातशेतीचा, बांबूचा आणि ताडांचाही हिशोब धरावा लागेल.