रोप लावले, पण झाड जगले का?

१४ एप्रिलला आपल्या अनेक वस्त्यांमध्ये वृक्षारोपण होते. विहाराच्या अंगणात खड्डा खणतात, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावतात, फोटो निघतात. पण एप्रिल म्हणजे ऐन उन्हाळा. जिथे माणसेच टँकरची वाट पाहतात, तिथे रोपाला पाणी कोण घालणार? मे संपेपर्यंत तिथे वाळलेली काडी उरते. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, म्हणून आधी आपल्याबद्दलच बोलू.

झाड नेमके काय करते? पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने त्यातला कार्बन खोड, फांद्या व मुळांत साठवतात. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. म्हणजे एक टन सुक्या लाकडात सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड अडवलेला असतो. झाड तोडून जाळले किंवा ते कुजले की तो पुन्हा हवेत जातो. म्हणून जुना वड तोडून त्याबदल्यात दहा रोपे लावली, हा हिशेब कागदावरच जुळतो. त्या रोपांना वड व्हायला कित्येक दशके लागतात, आणि तीही जगली तर.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. याचे मुख्य कारण कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि वायू जाळणे. जंगलतोड आणि जमीनवापरातील बदल यांचा वाटा साधारण दहावा हिस्सा आहे. म्हणजे नुसती झाडे लावून हा प्रश्न सुटणार नाही. धूरही कमी करावा लागेल. याची झळ आधी पोहोचते ती ऊसतोड मजुराला, सफाई कामगाराला आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना.

असलेली झाडे वाचवणे हे नवी लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरेबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. याउलट गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि आपले जंगल ग्रामसभेमार्फत सांभाळले. हक्क हातात असेल तर माणसे जंगल राखतात.

सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले आणि विनाकारण जंगल जाळू नये अशी आज्ञा पाचव्या स्तंभलेखात कोरली. लावणे आणि राखणे, दोन्ही त्यात आले.

मग आपण काय करावे? १४ एप्रिलला जागा ठरवावी, खड्डे खणून ठेवावेत. रोपे आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना लावावीत. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, जांभूळ अशी आपल्या मातीतली झाडे निवडावीत. एका घराकडे एक रोप द्यावे. वर्षावासाचे तीन महिने पाऊस साथ देईल. पुढचे दोन-तीन उन्हाळे मात्र पाणी आपल्यालाच घालायचे आहे. शहरात झाड तोडण्याची नोटीस दिसली, तर मुदतीत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत नोंदवावी.

पुढच्या जयंतीला किती रोपे लावली हे सांगू नये. मागच्या वर्षीची किती जगली, ते मोजून सांगावे.