धातु आणि देह यांची सोयरीक

इ. स. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडांतील रक्ताभिसरणाचें निरीक्षण करीत होते. त्यासाठीं त्यांनीं टायटॅनियम धातूची एक लहानशी डबी हाडांत बसविली होती. काम संपल्यावर ती काढूं गेले, तों ती निघेना. हाड धातूला घट्ट बिलगलें होतें. पुढें १९६५ सालीं याच धातूच्या खुंट्या एका मनुष्याच्या जबड्यांत रोवून त्यांवर कृत्रिम दांत बसविण्यांत आले.

या सोयरिकीचें मर्म धातूच्या पृष्ठभागांत आहे. हवा लागतांच टायटॅनियमवर प्राणवायूच्या संयोगानें मिलिमीटरच्या लक्षांशाहूनहि पातळ असा थर चढतो. लोखंडाच्या गंजाप्रमाणें तो सुटून पडत नाहीं. उलट तोच धातूचें चिलखत होतो. शरीराची गांठ पडते ती या थराशीं. त्यावर प्रथम रक्तांतील प्रथिनें बसतात, आणि मग हाडाच्या पेशी तेथें बिऱ्हाड थाटतात. पृष्ठभाग किंचित् खडबडीत असल्यास पकड अधिक बळकट होते. गिलाव्यापूर्वीं गवंडी भिंतीला टांचे मारतो, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु टायटॅनियमच काय, शरीरांत बसविलेल्या कोणत्याहि धातूचा पृष्ठभाग जंतूंनाहि आसरा देतो. कातडीवर एरवीं निरुपद्रवीपणें राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतु शस्त्रक्रियेच्या वेळीं आंत शिरले, तर तेहि त्याच जागेकडे धांव घेतात. अमेरिकन शल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनीं १९८७ सालीं या चढाओढीला 'पृष्ठभागासाठीं शर्यत' असें म्हटलें. पेशी आधीं पोंचल्या, तर जागा त्यांची. जंतु आधीं पोंचले, तर ते आपल्याभोंवतीं एक बुळबुळीत आवरण तयार करून त्यांत दडतात. मग रक्तांतील पांढऱ्या पेशींचा तेथें इलाज चालत नाहीं आणि औषधाची नेहमींची मात्राहि पुरी पडत नाहीं. हें आवरण कोंवळें असतां जखम उघडून धुवून काढतां येण्याचा संभव असतो. तें जुनें झालें कीं पुष्कळदां बसविलेला सांधाच काढावा लागतो.

म्हणूनच सांधा बदलण्यापूर्वीं शल्यवैद्य दांतांतील पू, पायावरची जखम यांची बारकाईनें चौकशी करतात. तो उगाच खोळंबा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर घरांतील वडीलधाऱ्यांच्या जखमेंतून पाणी झिरपूं लागलें, तर कपाटांतील उरलेल्या गोळ्या देऊन वाट पाहूं नये. त्या गोळ्यांनीं जंतु मरत नाहींत, मात्र तपासणींत ते सांपडेनासे होतात. अशा वेळीं शल्यवैद्याकडे त्याच दिवशीं जावें. कारण या शर्यतींत गेलेला दिवस परत येत नाहीं.