पत्ता आपल्या नावाचा

घर बदलले की आपण पोस्टात अर्ज देतो आणि जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या घरी येऊ लागतात. ई-मेल फॉरवर्डिंग म्हणजे नेमके हेच. स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले, की त्याच्या डीएनएसमध्ये 'एमएक्स' नावाची नोंद करावी लागते. या डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे, हे ती नोंद सांगते. तो सर्व्हर आलेले पत्र तुमच्या नेहमीच्या पेटीत धाडतो. उद्या पेटी बदलली, तरी पत्ता तोच राहतो.

मात्र ही सोय फक्त येणाऱ्या पत्रांची. वेगळी व्यवस्था केली नाही, तर उत्तर जुन्याच पत्त्यावरून जाते. शिवाय पत्र मधल्या सर्व्हरवरून येत असल्याने 'एसपीएफ' तपासणीत नापास होऊन स्पॅममध्ये पडू शकते. तेव्हा तो कप्पाही पाहत जा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोमेन कायमचे मिळत नाही. '.कॉम'सारखे नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. नूतनीकरण राहिले, तर पुढे ते दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि तुमचे पासवर्ड बदलण्याची पत्रे त्याच्या हाती पडतात. विजेच्या बिलासारखी ही तारीखही कॅलेंडरवर नोंदवून ठेवा.